मामांच्या घरातला दुसरा नंबर

देवावर माझ्या मामेसासऱ्यांइतकं हट्टानं प्रेम करणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोची मला आधीच कीव येते. अंबडच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले मामा इंदिरानगरात राहतात. प्रेमाचीही ते शिस्तीत रांग लावतात: पहिला देव, मागून माणसं. सकाळची प्रार्थना होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. दूधवाला येवो की गॅसवाला, मामा बोटानं फक्त आभाळ दाखवणार. साखरपुड्यातच त्यांनी मामींना बजावलं होतं, "तू दोन नंबर." मामी घोटीच्या, खमक्या. पाहुण्यांना सांगायच्या, "मी यांची दोन नंबरची. पहिला वर बसलाय." सगळे हसायचे, मामीही हसायच्या, पण जरा कमी.

मला भारी कुतूहल. समोर गरम भाकरी वाढणारं माणूस सोडून न दिसणाऱ्यावर जास्त प्रेम करायचं, हे जमतं तरी कसं? विचारलं तर मामा बशीत चहा ओतत म्हणायचे, "जावईबापू, करून बघा."

एका रविवारी त्यांच्यासोबत चर्चला जायला मी घरी पोचलो, तर मामींचा पाय टम्म सुजलेला. "आज ऱ्हाऊ द्या ना हो. उभं राहवत नाय मला."

"देव पहिला," मामा बूट घालत म्हणाले.

"जा मग. त्याच्यासंगच ऱ्हावा!" मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रडत होत्या. मला फार वाईट वाटलं आणि मामांचा संताप आला.

चर्चमध्ये अर्पणाचे पैसे गोळा करायची थैली बाकाबाकांवरून फिरवायचं काम मामांचं. मी बसलो होतो त्या तिसऱ्या बाकापाशी ते एकदम थबकले. चेहरा पडला. मला वाटलं, बीपी वाढलं. तर थैली माझ्या हातात कोंबून स्वारी भर उपासनेतून दाराबाहेर! उपासना चालवणारे पाळकसाहेब गाणं विसरून बघत राहिले. मी थैली कशीबशी पुढच्या माणसाला दिली आणि मागोमाग धावलो.

घरी पाहतो तर मामा जमिनीवर बसून मामींचा पाय गरम मिठाच्या पाण्यात शेकतायत.

"चर्च सोडून आलात?" मामी.

"त्यानंच हाकललं. म्हणाला, बायकोला रडवून मला काय आणतोस? आधी तिची समजूत काढ."

"म्हंजे सोताहून नाय आलात!"

"स्वतःहून?" मामा खाली बघत म्हणाले, "माझा राग तुला माहीत नाही का? माझ्या मनावर असतं तर चार दिवस तुझ्याशी बोललो नसतो."

मामी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ द्या त्यालाच पहिला. माझं बरं चाललंय."

मी दारातूनच परत फिरलो. बायकोला मी लग्नापासून सांगत आलोय, तूच पहिली, दुसरं कोणी नाही. ती महिनाभर खांदा दुखतो म्हणत होती. उजवा की डावा, ते काही केल्या आठवेना. घरी गेल्यावर विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली, आणि हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतच राहिली.