भाऊ म्हणून नेलेला हिरा

सुनिताला कोहिनूरचं वेड होतं. सरावलीच्या हिऱ्याच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच घंटीवर बसायचो. घंटी म्हणजे हिरा घासायची फिरती चकती. राईएवढे हिरे घासता घासता ही बया कोहिनूरची गोष्ट लावायची, कुणी ऐको न ऐको. त्यातलं नादिरशहाचं तिला फार आवडायचं. दिल्लीच्या बादशहाने हिरा पगडीत लपवलाय, हे नादिरशहाला कळलं होतं म्हणे. मग भर दरबारात तो म्हणाला, आजपासून आपण भाऊ-भाऊ, चला, पगड्या बदलू. भावाला नाही कसं म्हणायचं? बादशहाने मुकाट पगडी उतरवून दिली. इथे सुनिता दर वेळी म्हणायची, मूर्ख मेला.

दोन हजार सोळाच्या एप्रिलात कारखान्यातल्या टीव्हीवर बातमी आली. कोहिनूर इंग्रजांनी चोरला नाही, जबरदस्तीने नेला नाही, तो त्यांना दिला गेला, असं सरकारी वकिलाने कोर्टात सांगितलं होतं. सुनिता अशी भडकली की शेठने टीव्हीच बंद केला. इंग्रजांनी हिरा नेला तेव्हा तो पंजाबच्या राजाकडे होता, आणि राजा म्हणजे दहा-अकरा वर्षांचं पोर, आईला त्याच्यापासून तोडलेलं, राज्य हातचं गेलेलं, आणि म्हणे दिला!

"ज्याला नाही म्हणता येत नाही, तो देतो कसला?" ती म्हणाली.

नवऱ्याने टाकल्यापासून सुनिता घोलवडला बापाच्या चिकूवाडीतच राहायची. वाडीतली एक खोली तिची. शेवटच्या दुखण्यात बापाचं सगळं तिनेच केलं. धाकटा भाऊ प्रविण मसोलीला फ्लॅटमध्ये. तो रविवारी यायचा, बापाच्या उशाशी बसून मोबाइल बघायचा आणि चिकूची पेटी घेऊन जायचा.

बापाचं वर्षश्राद्ध झालं आणि प्रविणने हक्कसोडीचं काढलं. आमच्याकडे बहिणी सही करून वाटा सोडतात, मग भाऊ जन्मभर भाऊबीज करतो. वाटा मागितला की माहेर तुटलंच. मी तिला कळवळून सांगितलं, अगं, सही करू नकोस, राहतेस कुठे ते तरी बघ. तर म्हणे, प्रविण बोललाय, ताई, खोली तुझीच.

"कागदावर लिहून घे."

"भावाकडून लिहून घेऊ? जमने, वाटा घेतला तर तो दार लावून घेईल. मला दुसरं आहे कोण?"

डहाणूच्या रजिस्ट्रार ऑफिसात मी तिच्यासोबत गेले होते. साहेबांनी विचारलं, राजीखुशीने सोडताय ना? ती हो म्हणाली. प्रविणने स्टेशनजवळ तिला साडी घेऊन दिली. रंगही त्यानेच निवडला.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात त्याने वाडी मुंबईच्या पार्टीला विकली. त्यांना बंगला बांधायचा होता. खोली पाडली, आणि सुनिता भांडीकुंडी घेऊन सरावलीला माझ्या शेजारी भाड्याने आली. माझी नुसती आग आग होत होती. मी म्हटलं, तुझा भाऊ चोर आहे. तशी उलट माझ्यावरच चिडली. चोर कशाला, मी स्वतः दिलं, म्हणाली. कसलं दिलं! त्यानंतर काही दिवस मी तिच्याशी बोललेच नाही. कारखान्यात ती खाली मान घालून हिरे घासायची, आणि कुणी कोहिनूरचं काढलं की पाणी प्यायला उठायची.

त्या वर्षी भाऊबीजेला सकाळीच ती करंज्यांचा डबा आणि ओवाळणीचं तबक घेऊन मसोलीला गेली. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते सगळे कालच दमणला फिरायला गेले. फोन बंद. तरी ही जिन्यावर बसून राहिली, उशिरा का होईना येतील म्हणून.

दिवस मावळताना परत आली. सांगायला विसरला असेल, म्हणाली. माझ्या जिभेवर शिव्या आल्या होत्या, पण तिचं तोंड बघून गिळल्या. तिने तबकातलं निरांजन पेटवलं आणि अंगणात गेली. पश्चिमेला बीजेची बारीक कोर होती. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं सुनिताने चंद्राला ओवाळलं.