लिंबू दिसलं की सोनलकडे

रिव्ह्यू तपासणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. रोज शेकडो अनोळखी माणसं आपापलं रडगाणं दारात ठेवून जातात. बरीचशी संध्याकाळपर्यंत विसरायला होतात, उरलेली साचत राहतात. आता मित्रमंडळी जमली की कुणीतरी हटकून म्हणतं, "अनू, तुझं ते बंदुकीचं सांग." मी सांगते आणि सगळे हसतात, मीही हसते. पण तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या कंपनीच्या साइटवर लोक दुकानांना, हॉटेलांना एक ते पाच स्टार देतात. ऑफिस डब्लिनच्या बॉल्सब्रिजमध्ये. पण २०२० च्या मार्चपासून ते ज्याच्या त्याच्या घरात गेलं. माझं ब्युमॉन्टच्या घरात वरच्या मजल्यावर, हॉट प्रेसच्या शेजारी थाटलं होतं. हॉट प्रेस म्हणजे टॉवेल गरम राहावेत म्हणून इथे घरोघरी असतं ते कपाट. पाठ तेवढी उबदार राहायची.

अमेरिकेतले रिव्ह्यू आम्ही तिघं तपासायचो. मी नागपूरची, सोनल पुण्याची आणि टीम लीड डेक्लन हा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअरचा, शेतकऱ्याचा मुलगा. खोटे, शिवराळ आणि विषय सोडून लिहिलेले रिव्ह्यू काढायचे, एवढंच काम. कुणाची बाजू घेतली जाऊ नये म्हणून दुकानाचं नाव आम्हाला दिसत नसे, फक्त राज्य दिसे.

*

पहिला रिव्ह्यू मला अजून पाठ आहे. "कॉफी उत्तम. सँडविच उत्तम. पण दारावर पाटी आहे, बंदूक आत आणू नये. एक स्टार."

मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. काढून टाकला.

तिथल्या काही राज्यांत कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला जाणं कायदेशीर आहे आणि दुकानदाराला पाटी लावून मनाई करणंही कायदेशीर आहे, हे मला तेव्हा नीटसं माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थाचा नवा रिव्ह्यू आला. "काल माझा रिव्ह्यू ज्याने काढला त्याला विचारायचंय, तू दुकानात जाताना सोबत काय नेतोस?"

घरात कुणी नव्हतं. मी स्क्रीनकडे बघून खरं ते उत्तर दिलं, "पिशवी."

*

हे रिव्ह्यू वाढायला लागले तशी मीटिंग ठरली. पाटीवर राग म्हणून दिलेला एक स्टार ठेवायचा की काढायचा?

सोनल तयारीतच होती. "दुकान त्याचं, नियम त्याचा. देवळात चपला बाहेर काढायला सांगतात म्हणून आपण देवाला एक स्टार देतो का?"

मी म्हटलं, "चप्पल बाहेर ठेवली तर फार तर चप्पल चोरीला जाते गं." कारण त्याच सकाळी मी एक रिव्ह्यू वाचला होता. पाटीचा मान राखून माणसाने पिस्तूल गाडीत ठेवलं, आत जाऊन पाव घेतला आणि बाहेर येऊन बघतो तर काच फुटलेली, पिस्तूल गायब. ते आता कुणाच्या हातात असेल, या विचाराने माझं जेवणात लक्ष लागलं नव्हतं.

डेक्लनच्या घरी बंदूक आहे, परवाना आहे आणि कुलुपाचं लोखंडी कपाटही आहे. सोनलने विचारलं, "तू नेतोस का ती दुकानात?"

"दूध आणायला?" त्याने इतक्या खऱ्या गोंधळाने विचारलं की सोनललाच ओशाळल्यासारखं झालं. मग म्हणाला, "माझे वडील एकदा कावळे हाकलून परस्पर पोस्टात पेन्शन घ्यायला गेले. बंदूक ट्रॅक्टरमध्येच राहिली. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही."

"कायदा मोडला म्हणून?"

"नाही. पोस्टातली बाई काय म्हणेल म्हणून."

*

सगळे रिव्ह्यू असे हसण्यासारखे नव्हते. एका नर्सने लिहिलं होतं, "मी कुणाला घाबरवायला पिस्तूल बाळगत नाही. एक माणूस मला शोधतोय. कोर्टाने त्याला माझ्यापासून लांब राहायला सांगितलंय. तुमची पाटी मी वाचली. तो वाचेल का?"

आमच्या नियमाप्रमाणे हा विषय सोडून होता. सोनलने तो मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि आपला कॅमेरा बंद केला. "नेट गेलं वाटतं," डेक्लन म्हणाला. नेट गेलेलं नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तो रिव्ह्यू कुणीच काढला नाही. कुणी काढायला हवा होता, हेही कुणी विचारलं नाही.

*

आता यात माझा जीव का अडकला होता ते सांगते. माझा मोठा भाऊ अमेरिकेच्या दक्षिणेत राहतो. पेट्रोल पंप आणि त्याला लागून छोटं दुकान, तो आणि वहिनी मिळून चालवतात. आडनाव आमचं देशकर, पण गिऱ्हाइकं त्याला बिनदिक्कत मिस्टर पटेल म्हणतात. त्याने दोन वर्षं दुरुस्ती करून बघितली, मग सोडून दिलं.

पाटी लावावी की नाही, हा दर रविवारच्या फोनवरचा विषय होता. दादा म्हणायचा, "लावली तर गिऱ्हाईक जाते, नाही लावली तर झोप जाते. तू सांग काय करू?" वहिनीने तिच्यापुरता निर्णय घेऊन टाकला होता. दारावर लिंबू-मिरची टांगली होती.

आणि एका शुक्रवारी माझ्या रांगेत हे आलं. "दुकान स्वच्छ. मी मास्क लावून, टोपी घालून, कमरेला पिस्तूल, रीतसर दूध मागितलं. मालकाने दोन्ही हात वर केले. मी पुन्हा दूध म्हणालो, त्याने गल्ला उघडला. दूध मीच घेतलं, पैसे काउंटरवर ठेवले. जाता जाता दारावरच्या लिंबाचं विचारलं तर म्हणाला, सिक्युरिटी. तीन स्टार."

राज्य दादाचंच. लिंबू कुणाचं ते सांगायलाच नको.

फोन केला. आधी म्हणाला, काही नाही झालं. मग म्हणाला, "काय करणार होतो मी? आजवर असा माणूस आला की एकच अर्थ होता. आता सरकारच म्हणते तोंड झाका. आईला सांगू नको." शेवटी म्हणाला, "रात्री झोपलो नाही पण."

त्या दिवशी मी हट्टच धरला. पाटी लाव, आजच्या आज लाव. इथे डब्लिनमध्ये टॉवेलांच्या कपाटाला टेकून बसून मी त्याला शौर्य शिकवत होते. त्याने लावली.

*

माझी मुलगी इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीतून येतं. माझं फोनवरचं बोलणं ऐकून तिला मामाची काळजी वाटली. तिने रंगीत पेनांनी स्वतःची पाटी काढली. हिरव्या टेकडीवर एक मेंढी आणि खाली लिहिलं, "कृपया तुमची बंदूक घरी ठेवा. थँक्स अ मिलियन."

फोटो पाठवला तर दादाने तो छापून छापील पाटीच्या शेजारी चिकटवला. त्या आठवड्यात एक रिव्ह्यू आला. "मोठी पाटी बघून राग आला. मेंढी बघून पिस्तूल ठेवायला परत गाडीकडे गेलो."

*

दुकान भावाचं निघालं म्हटल्यावर मला डेक्लनला सांगणं भाग होतं. नातेवाइकाच्या रिव्ह्यूला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. पण नावच दिसत नाही तर ओळखायचं कसं? डेक्लनने दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, "लिंबू दिसलं की सोनलकडे."

म्हणून मी लिंबूवाले सगळे रिव्ह्यू सोनलकडे ढकलायला लागले. पाटीनंतर दादाला एकामागून एक एक-स्टार बसत होते आणि मी ते बंद डोळ्यांनी पुढे पाठवत होते. तेवढ्यात वरून आदेश आला. नुसता पाटीवर राग असेल तर काढा, दुकानातला अनुभव लिहिला असेल तर ठेवा. सोनल खूश झाली. दादाचे एक-स्टार तिने शिस्तीत एकेक करून काढले. मला काही बोलली नाही, पण संध्याकाळी मोजून सांगायची, "अनुताई, आज तीन लिंबं पिळली."

*

२०२१ च्या वसंतातली एक दुपार. डब्लिनमध्ये तीन वाजलेले, दादाकडे सकाळचे नऊ. नागपूरहून आईचा मेसेज आला. शेजारणीच्या मुलाने तिला बातमी दाखवली होती. दादाच्या गावात पहाटे एका पेट्रोल पंपावर गोळीबार झाला, दुकानदार दवाखान्यात. नाव दिलेलं नव्हतं.

दादाचा मोबाइल बंद. वहिनीचा वाजत राहिला, कुणी उचलेना. दुकानाचा फोन सारखा एंगेज. पाटी दाखवली म्हणून कुणीतरी चिडलं असणार, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. पाटी मी लावायला लावली होती.

टीमला लिहिलं. डेक्लनने सवयीने उत्तर दिलं, "सगळं सोड आणि घरी जा." मी घरीच होते.

मी म्हटलं, मला बसू दे. दादाच्या दुकानाचा ताजा रिव्ह्यू आला तर दुकान उघडं आहे, आणि दुकान उघडं आहे तर दादा काउंटरवर आहे. डेक्लनने त्या राज्यातले सगळे नवे रिव्ह्यू आम्हा तिघांकडे वळवले आणि बाकीचं काम तसंच पडू दिलं. पिझ्झा गार होता. केस जास्त कापले. टायरवाल्याने उशीर केला. कुणाच्या तरी आयुष्यात आज एवढंच बिघडलं होतं, याचा मला राग येत होता.

साडेचारला सोनलचा मेसेज आला. एकच शब्द होता. "लिंबू."

मग दुसरा. "दहा मिनिटांपूर्वीचा. वाचते."

"एक स्टार. मालकाने मला पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून यायला लावलं. ठेवून आलो तर म्हणाला मास्क. मास्क लावला तर मला उभं करून फोनवर कुठल्याशा भाषेत ओरडत बसला. ठेवला की पुन्हा वाजत होता, पुन्हा ओरडत होता. लिंबू वाळलं आहे. मेंढी चांगली आहे."

निर्णय सोनलचा होता. तिने रिव्ह्यू ठेवला. वर 'उपयुक्त' अशी खूण केली, म्हणजे तो दुकानाच्या पानावर सगळ्यात वर गेला. असं करताना लीडला कारण द्यावं लागतं. डेक्लनने नियमाप्रमाणे विचारलं. तिने लिहिलं, "ग्राहकाचा प्रत्यक्ष अनुभव." त्याने लिहिलं, "ग्रँड." इथे त्याचा अर्थ एवढाच, ठीक आहे.

पाच वाजता दुकानाच्या नंबरवरून फोन आला.

"अनू, मोबाइल सकाळी फरशी पुसायच्या बादलीत पडला. तुझी वहिनी झोपून आहे. अन् दुकानाच्या फोनवर अख्खं नागपूर! तो पंप गावाच्या दुसऱ्या टोकाचा. वाचला म्हणतात माणूस."

"त्याच्या दारावर पाटी होती का रे?"

"मी विचारलं नाही. विचारणारही नाही." मग एकदम त्याचा आवाज चढला. "ते जाऊ दे. मला एक स्टार आला आज. अन् तुमच्या साइटनं तो सगळ्यात वर लावून ठेवला! कोण गाढव बसून राहते तिथं? आधी काढ तो."

मी हॉट प्रेसला टेकून जमिनीवर बसले होते.

"ऐकून राहिली न? काढतेस का नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तू बोल अजून."