पत्रिकेतून कापलेली मासोळी

सत्तरी ओलांडल्यावर माणसानं निदान एका भिंतीबद्दल तरी खरं सांगून टाकावं.

मी चित्रकलेचा मास्तर होतो. केजजवळच्या एका गावात शाळेच्या भिंतीवर मासोळ्यांची नक्षी आहे. सगळ्या एकाच आकाराच्या, एकमेकींत अशा बसलेल्या की मधे सुईएवढी फट नाही. तीस वर्षं लोक ती माझी कल्पना समजत होते. मी कधी नाही म्हटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "सर, कागदाचा साचा कापून ती नक्षी आमच्या मुलांना शिकवा. परवाच या." मी ऐटीत हो म्हणालो. फोन ठेवला आणि घाम फुटला. मला ती नक्षी येतच नव्हती!

येणार कशी? साचा बायकोनं कापला होता. ती घरी ब्लाउज शिवायची, कागद बेतण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेची तपासणी तोंडावर आली होती, भिंत कोरी होती आणि मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. तिनं शिवता शिवता कागदाचा एक चौकोन कापून-जोडून त्याची मासोळी माझ्या हातात दिली. तीच गिरवत मी भिंत भरली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी म्हणालो, "माझ्याच." शाल मिळाली. घरी येऊन शाल दाखवली, तर बायको एवढंच म्हणाली, "चांगली हाय. जाड हाय." आणि परत मशीन चालवायला लागली. त्या मशीनचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तर फोननंतर बायको मंदिरात गेलेली बघून मी कपाटावरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. कागद जाड, साच्याला उत्तम. चौकोन घेतला. डाव्या बाजूचा तुकडा कापून उजवीकडे चिकटवायचा, एवढं आठवत होतं. पण डावीकडे नेमका गणपती! त्याला कात्री लागू नये म्हणून मी सोंडेला, पोटाला, उंदराला वळसा घालून अखंड देव बाहेर काढला. आता चिकटपट्टी कुठं लावायची? देवाच्या तोंडावर? छे. मी तुकडा पालथा केला, मागून पट्टी लावली आणि साचा वहीवर ठेवून गिरवू लागलो. पहिली आकृती झाली. दुसरी तिच्या पोटात घुसली. तिसरी भलतीकडेच गेली. पंधरा साचे कापले, पंधराही तसेच.

"अगं बाई! हे काय मांडलंय?"

दारात बायको. मी पत्रिकांच्या चिंध्यांत मांडी घालून बसलेलो. तिनं एक साचा उचलून उलटा केला.

"कावून हो, देवाला पालथं घातलं?"

"त्याच्या तोंडाला पट्टी नको म्हणून."

ती आधी गालात हसली, मग भिंतीला टेकली, मग खालीच बसली. "अहो, तुकडा नुसता सरकवायचा आस्तो! पालथा केला की वळणं उलटी हुत्यात. आख्खी पत्रिकाच पालथी घ्यायची की आधी! मागं कोरीच आस्ती." मलाही हसू आवरेना. दोघं म्हातारी चिंध्यांत लोळून हसत होतो. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "काकू, बरं हाय ना समदं?"

डोळे पुसून बायकोनं कात्री घेतली. डावीकडचा तुकडा उजवीकडे सरकवला, खालचा वर. मासोळी तयार. साचा माझ्या हातात देताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आन् पोरांनी इचारलं, कुणाची कल्पना, तर?"

मी साचा खाली ठेवला.

"तू चल," मी म्हणालो.

"मी? मी चवथी शिकल्याली."

"तरी चल."

शाळेत मुख्याध्यापिकाबाई शाल घेऊन उभ्या. मुलं ओळीनं बसलेली. मी खडू घेतला आणि फळ्याकडे वळायच्या आत बोलून टाकलं, "बाळांनो, बाहेरच्या भिंतीवरची नक्षी माझी नाही. ह्यांची आहे. मी तीस वर्षं खोटं बोललो." बाईंच्या हातातली शाल अधांतरी राहिली. बायको पदराचं टोक पिळत खाली बघत होती. मला वाटलं, आता जमीन दुभंगणार.

पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मंग आमाला कवा शिकवणार?"

झालं! वर्गात हशा पिकला. बायकोनं पदर खोचला आणि अर्ध्या तासात वर्गाचा बाजार केला. कुणाच्या साच्याचं पाखरू झालं, कुणाच्या चप्पल, एकाच्या शेळी. "शेळी तर शेळी," ती सांगत होती, "बसती का न्हाई ते बघ!" बाईंनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, तर तिनं ती बाकावर ठेवली. हाताला अडचण होत होती म्हणे. मला तिनं चिकटपट्टीचे तुकडे तोडायला बसवलं होतं. "लई लांब तोडू नका."

तेवढ्यात एक मुलगा साचा घेऊन माझ्याकडे आला. "सर, ह्ये कावून बसंना?"

मी साचा उलटसुलट करून बघितला. "मला नाही बाबा येत," मी म्हणालो. "त्या मॅडमना विचार."