काकांची स्क्रिप्ट

काका दुसऱ्याच्या कीबोर्डला कधी हात लावायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून खुर्चीशेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "दाबा तुमीच." जीव टांगणीला लागलेला असताना हा माणूस असा शांत उभा राहिला, की मला त्यांचा भारी राग यायचा.

हिंगोलीत हळदीच्या आडतीच्या वरच्या मजल्यावर आमचं मोबाइल अॅप बनवणारं चार जणांचं ऑफिस. काका आमच्यात सगळ्यांत वडील, रोज पुसेगावहून एसटीनं येत. लिहिलेला कोड फोनला चालेल असा करून देतो तो कंपायलर. आमची मशीनं जुनी, म्हणून काकांनी कंपायलरच्या पुढ्यात स्वतःची एक स्क्रिप्ट बसवली होती. बदललेल्या तेवढ्याच फायली ती पुढे पाठवायची. तिला आम्ही रॅपर म्हणायचो.

दसऱ्याला माझ्यासाठी नवं मशीन आलं. हळदकुंकू वाहिलं, रॅपरसकट सगळं त्यावर घेतलं, आणि नव्या वहीवर लिहितात तसं कोडच्या फोल्डरचं नावही मी 'श्री हळद' ठेवलं. झालं! अॅप बनेचना. दोन दिवस एकच उत्तर, फाइल सापडत नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता आखाडा बाळापूरच्या शेतकरी गटाला अॅप दाखवायचं होतं. ते हुकलं तर काम पुण्याला जाणार होतं आणि कामामागं मीही. हिंगोलीतच राहून हे काम करून दाखवते, असं मी घरी भांडून सांगितलं होतं.

मी सगळं पुसून दोनदा नव्यानं टाकलं. काका म्हणाले, "पुसून काय होते, बाई? बिमारी तर पाहा आधी. माझी स्क्रिप्ट काढून चालवा बरं."

काढली. अॅप बनलं.

काका पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "म्हंजे माझंच चुकून राहिलं. तिच्या हातात काय येते अन् ती पुढं काय देते, दोन्ही पडद्यावर छापा." छापलं. हातात 'श्री हळद' येत होतं, पुढं नुसतं 'श्री' जात होतं. मधल्या मोकळ्या जागेवर स्क्रिप्ट नाव तोडत होती.

"काका, फोल्डरचं नाव बदलते. दोन मिनिटांत होईल."

"काहून? चांगलं नाव हाय. उद्या दुसरं कोणी असंच ठेवील, त्याला काहून तकलीफ? स्क्रिप्टच नीट करू."

अकरा वाजले होते; दाखवण्यापुरतं अॅप तर हाताशी होतं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. एका जागी जुळलं की दुसरीकडे नाव तुटायचं. जेवण राहिलं. अडीचला स्क्रिप्टसकट अॅप बनलं आणि चारला मी बाळापुरात होते. काम आमच्याकडेच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. मला अजून खरं वाटत नाही.

परवा रॅपर पुन्हा अडला, म्हणून मी ती स्क्रिप्ट उघडली. त्या दिवशीच्या दुरुस्तीवर काकांनी नंतर कधीतरी एक टीप लिहून ठेवली होती : 'चूक माझी होती. सुनीताला तीन दिवस लागले, पण तिनं सोडलं न्हाई.'

मी पोटभर रडले. मग शोधायला बसले. या वेळची चूक माझी निघाली. काकांच्या टिपेखाली तसं लिहिलं, नावासकट.