दादांच्या गोळ्यांचे वाटे

ढोकीच्या एसटी स्टँडवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक टपावर चढवली आणि खाली उतरताच शिडी धरून क्षणभर डोळे मिटले. त्यांना रक्तदाब होता. "कुठं काय, ऊन लागलंय," म्हणाले. मी अमेरिकेला निघाले होते आणि सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते.

तिथल्या प्रयोगशाळेत माझं काम उंदरांच्या रक्तवाहिन्यांवर. वाहिनीला आतून ओरखडा काढायचा आणि ती कशी भरून येते ते पाहायचं. हार्मोन फक्त ग्रंथींत तयार होतात, असं मी कॉलेजात घोकलं होतं. तिथं कळलं, वाहिनीच्या भिंतीतही एक एन्झाइम असतं आणि ते जागच्या जागी हार्मोन बनवतं. त्यानं वाहिनी आवळते, जखमेवर थर चढतो. थर बेताचा असेल तर ठीक, फार चढला की वाट बुजते. त्या एन्झाइमला अडवणाऱ्या गोळ्या रक्तदाबासाठी नुकत्याच निघाल्या होत्या. दादांच्या डॉक्टरांना विचारून मी सहा महिन्यांच्या पाठवल्या.

महिन्याभरात भावाचं पत्र आलं, गोळ्या संपल्या. साखर कारखान्यात दादांच्या पाळीत ज्याला ज्याला बीपी होतं, त्याला दादांनी वाटा दिला होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना खायला मिळणारी गूळ-पिठाची सुकडीही ते अशीच वाटत. मी संतापून लिहिलं, "दादा, ही सुकडी नाही." पुढच्या वर्षी तार आली. दादांची उजवी बाजू लुळी पडली होती.

मी पोचले ती गोळ्यांची नवी बाटली घेऊनच. दारात दादांच्या पाळीतले कासिमचाचा उभे होते.

"पोरी, त्या गोळीनं लई आराम पडला व्हता. आणिक हायत का?"

"न्हाय चाचा. ह्या दादांच्याच हायत."

"व्हय, बराबर हाय," म्हणत ते आत गेले. दादांना काखेत धरून उठवलं आणि न्हाणीत नेलं. आई म्हणाली, "रोज येत्यात. पाळी सुटली की सरळ हितंच."

मला लाज वाटली. तरी बाटली मी दादांच्या उशाशीच ठेवली.

इथं अमेरिकेत कुणी घरच्यांबद्दल विचारलं की मी आई, दादा आणि भाऊ सांगते. कासिमचाचांचं नाव तोंडावर येतं, पण त्यांना घरचं म्हणायचा हक्क मी त्या दारात घालवला.