फोटोपेक्षा दोन शेड सावळी

लिंबायतच्या आमच्या गल्लीत उज्ज्वलाचं पार्लर म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. नवरा चिंधा कापडाच्या लूमवर, ही आरशापुढे. बाई खडूस, आणि तिच्या नियमांपुढे नवरीच्या आईचंही काही चालत नाही. फाउंडेशनची शेड ठरवायची तर हळदीच्या चार दिवस आधी यायचं, कारण हळद लागली की कातडी पिवळी दिसते आणि शेड चुकते. ट्यूबलाइट बंद, खुर्ची दारात, जबड्याच्या कडेला तीन बारीक रेघा. उन्हात जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली शेड. कुणी हात पुढे केला की ती सुनावते, "मनगटवर लावीसन काय दखतस? लगीन मनगटनं शे का?"

माझी भाची स्वाती सावळी. आई लहानपणीच गेली, म्हणून ती माझ्याच घरी वाढली. तिची शेड उज्ज्वलानं अशीच वेळेत ठरवून ठेवली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिची होणारी सासू, सरलाबाई, स्वतः ताट घेऊन पार्लरात आल्या. शालू, बांगड्या आणि फाउंडेशनची बाटली. आमच्यात लग्नाला उभी राहताना नवरीच्या अंगावर सगळं सासरचंच लागतं. नाही म्हटलं की मानपान निघतो, आणि मानपानावरून मांडवातून परत गेलेली लग्नं मी पाहिली आहेत. बाटली स्वातीपेक्षा दोन शेड गोरी होती.

"हाईच लाव," सरलाबाई म्हणाल्या.

"काकू, पोर राखोडी दिसी," उज्ज्वला म्हणाली.

त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात स्वातीचा स्थळासाठी काढलेला फोटो होता. "फोटूमा गोरी शे ना? धुळ्याहून चाळीस पाव्हना ई राहिनात. समदासनी हाऊच फोटू दखेल शे. बाटली बी मी दुकानमा हाऊच फोटू दखाडीसन लयनू."

गुजराती स्टुडिओवाल्याला "जरा उजळो करी आपो ने, भाई" असं गोड बोलून तो फोटो गोरा करून घेणारी शहाणी मीच होते. आता माझ्या पोरीला चारचौघांत त्या फोटोचं तोंड लावून बसावं लागणार होतं.

उज्ज्वलानं वाद घातला नाही. ट्यूबलाइट बंद केली, खुर्ची दाराकडे ओढली. स्वातीच्या डाव्या गालावर ताटातली बाटली लावली, उजव्या गालावर आपली. मग सरलाबाईंना उन्हाकडे बोलावलं. डावा गाल पिठात बुडवून काढल्यासारखा दिसत होता आणि खाली गळा वेगळ्याच बाईचा वाटत होता. उजवीकडे नुसती आमची स्वाती होती.

अकरा वाजून गेले होते. मुहूर्त साडेबाराचा. स्वातीनं मांडीवरची ओढणी मुठीत आवळून धरली होती. मला ते बघवेना.

"तो फोटू मीच गोरा करी लिधा," मी बोलून टाकलं.

आता ही बाई ताट उचलून चालती होते की काय, या भीतीनं मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि कापसाचा बोळा उचलला.

"मना चेतनना फोटू बी मी असाच करेल शे," त्या हळूच म्हणाल्या, आणि आपल्या सुनेचा डावा गाल स्वतः पुसू लागल्या.

माझा जीव भांड्यात पडला. नवरदेवसुद्धा गोरा केलेला निघाला म्हणून मला हसूच आलं. उज्ज्वला आपली बाटली हलवत होती, तेवढ्यात स्वाती माझ्याकडे वळली.

"मावशी, पहिला फोटू चांगला नव्हता का व?"

उज्ज्वलानं तिला डोळे मिटायला सांगितले. मी ताटातल्या बांगड्या उगाच मोजत बसले.