वेगळा तांब्या

आमच्या पिंपळीच्या घरामागं एका वर्षी समुद्राची झाडं वाढत होती. हे सांगितलं की माणसं हसतात आणि मला त्यांचा राग येतो, कारण ती झाडं माझ्या थोरल्या बहिणीची होती.

आमच्या घरात एवढं शिकलेली ताई पहिलीच. कोकणातल्या कॉलेजात ती एम.एस्सी. करत होती. खाडीच्या चिखलात कांदळाची झाडं असतात. त्यांच्या मुळांवर काही जिवाणू राहतात आणि त्यांच्या मदतीनं खाऱ्या मातीतही रोप जोमानं वाढतं, असं तिचं म्हणणं. तेच तिला सिद्ध करायचं होतं. पण शेवटच्या वर्षाला तिचं हृदयाच्या झडपेचं जुनं दुखणं उसळलं आणि डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. येताना तिच्या पिशवीत कपडे थोडे आणि कांदळाच्या शेंगाच जास्त होत्या, शेवग्यासारख्या लांब, हिरव्या. सोबत जिवाणूंच्या गढूळ पाण्याच्या बाटल्या. कॉलेजातल्या तिच्या सरांनी सांगितलं होतं, घरीच प्रयोग पुरा कर, मी येऊन बघीन, तुझी पदवी अडू देणार नाही. त्या शब्दावर ती जगत होती.

आमचे वडील, आबा, एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी मोटरसायकलवरून तेलाचे रिकामे डबे आणले. इंदापूरच्या बाजूला पाटाच्या पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या जमिनी आहेत, तिथली खारवट माती पोत्यात भरून आणली. डब्यांच्या दोन रांगा लागल्या. एका रांगेच्या मुळांशी जिवाणूंचं पाणी, दुसरीला नाही. बाकी माती, ऊन सगळं सारखं. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, समिंदर कवा आणतीस पिंपळीत?" ताई म्हणायची, "झाडं पुढं आलीत काकू, त्यो मागनं येतोय चालत."

तिचा नियम एकच होता. दोन रांगांना दोन तांबे. पहिल्या रांगेचा तांब्या दुसरीला लावायचा नाही, शिंतोडासुद्धा उडू द्यायचा नाही, नाहीतर जिवाणू तिकडं जातील.

आई ते ऐकून म्हणाली, "हे तर आमच्या ल्हानपणीवानी झालं."

तिच्या लहानपणी आमच्या माणसांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. ओंजळ पुढं करायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, भांडं हाताला लागणार नाही अशा बेतानं. पुढं तिच्या घरच्यांनी धम्म घेतला, ती शाळेत गेली, पण ती ओंजळ तिच्या मनातून गेली नव्हती.

"आई, हा प्रयोग आहे," ताई हसत म्हणाली.

"व्हय बाई, परयोगच," आई म्हणाली आणि दुसरा तांब्या घासायला घेतला.

हळूहळू ताईचं उठणं बंद झालं. झाडांना पाणी आई घालायची. मी कॉलेजातून आले की ताई खाटेवरूनच विचारायची, "दुसरी रांग कशी आहे?"

"खुरटलीय. पानं पिवळी पडलीत."

ते ऐकून तिचा चेहरा असा खुलायचा! मला पुन्हा सांगायला लावायची. आई भाकरी थापत ऐकत असायची. एका रांगेचं वाळणं ऐकून लेक आनंदते आणि लेक स्वतः रोज थोडी वाळते, हे तिच्या जिवाला कसं लागत असेल, याचा मी तेव्हा विचार केला नाही. पुढं माझी परीक्षा आली आणि घरामागं झाडं बघायला जायचं माझं राहूनच गेलं.

सरांचं येण्याचं ठरलं तेव्हा ताईनं हट्ट धरला, मला आधी बघू दे. आबांनी तिला उचलून मागच्या दारी खुर्चीत बसवलं. दोन्ही रांगा हिरव्यागार होत्या.

ताईला कळायला वेळ लागला नाही. "आई, दुसऱ्या रांगेला कुठला तांब्या लावलास?"

"एकच लावला समद्यांस्नी. पहिल्या रांगंतली माती बी घातली जरा जरा." आई तिच्या खुर्चीपाशी खाली बसली. "काय करू? एका रांगंचं पाणी येगळं आन् ती डोळ्यांदेखत वाळाया लागली. तू आत आशी. माझ्यानं न्हाय बघवलं."

ताईच्या जागी मी असते तर आकांत केला असता. ताईनं आईचा ओला हात हातात घेतला. "सगळी जगली ना? मग बरं झालं," म्हणाली. आत नेल्यावर मात्र ती भिंतीकडं तोंड करून रडली. तिला नीट रडताही येत नव्हतं. हुंदक्यागणिक धाप लागायची, मग थांबायची, मग पुन्हा.

सरांच्या येण्याआधीच ती गेली. ते आले ते तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी. सगळे पांगल्यावर त्यांनी डबे बघितले आणि हलक्या आवाजात आबांना म्हणाले, "फरकच उरला नाही. यावरून काही सांगता येणार नाही."

आईनं ते ऐकलं. "समदी जगली की सर. मंग माझ्या पोरीचं चुकलं कुठं?"

रोपं खाडीवर नेऊन लावू का, एवढंच सरांनी विचारलं. आबा हो म्हणाले. जीपमध्ये डबे चढवताना सरांनी मला विचारलं, "बिनजिवाणूंची रांग कुठली? ती वेगळी लावतो."

मी रांग दाखवायला हात उचलला तोच आई मधे आली.

"येगळी नगा लावू," म्हणाली, आणि तिथंच डब्यांमध्ये बसून ताईचं नाव घेऊन रडायला लागली. ताई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझा तिच्यावरचा राग तेव्हा गेला नव्हता. आजही तो पुरता गेलेला नाही.